काठाला टेकायचं नाही

रिहे गावाच्या वरच्या अंगाला धनगरांची वस्ती आहे आणि त्या वस्तीत बिरोबाच्या नावाने सोडलेला एक म्हातारा बोकड आहे. त्याला कुणी बांधत नाही, कुणी हाकलत नाही. दारातलं वाळवण त्याने फस्त केलं तरी घरातली बाई "खाऊ दे, देवाचा हाय" म्हणून हात जोडते आणि मनातल्या मनात त्याला चार शिव्या घालते. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी वस्तीतली अंबाबाई त्याच्या कपाळाला भंडारा लावायला गेली, तर बोकडाची अर्धी दाढी गायब! तिच्या हातातली वाटी खाली पडली आणि हळद सगळी मातीत गेली.

मग वस्तीत जे सुरू झालं ते विचारू नका. कुणी म्हणालं खरूज झाली, कुणी म्हणालं देव कोपला. देवळापुढे नवी पायरी बांधली नाही म्हणूनच हे झालं, असं ज्यांना पायरी बांधायची होती ते म्हणाले. अंबाबाईने उपास धरला. शेवटी घोटावड्याहून जनावरांचा डॉक्टर आणला. त्याने बोकडाची हनुवटी उलटीसुलटी पाहिली आणि सांगितलं, की जनावर ठणठणीत आहे, कुणीतरी कात्री चालवलीय. आणि हे सगळं चाललं असताना अंबाबाईची स्वतःची लेक उज्वला आतल्या खोलीत बसून त्याच दाढीचे केस गळाला बांधत होती.

उज्वलाला हे वेड रिसॉर्टवर लागलं. बारावीनंतर ती धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर कामाला लागली, आधी स्वयंपाकघरात आणि तिथला बोटवाला नोकरी सोडून गेल्यावर बोटीवर. तिथे दर हिवाळ्यात नरहरी नावाचे पुण्याचे एक दातांचे डॉक्टर यायचे. बोटीत उभं राहून ते लवचीक छडीने दोर हवेत मागेपुढे खेळवायचे आणि त्याच्या टोकाला बांधलेली केसांची, पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद सोडायचे. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. याला फ्लाय फिशिंग म्हणतात हे उज्वलाला त्यांच्याकडूनच कळलं. धरलेला मासा ते ओल्या हातांनी परत सोडून द्यायचे. पहिल्यांदा उज्वलाला वाटलं, माणूस खुळा आहे. पुढच्या हिवाळ्यात तिने स्वतःच छडी मागितली. डॉक्टरांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी आपली छडी, रीळ आणि माश्या बांधायचा बारीक चिमटा तिच्या हवाली केला आणि म्हणाले, "आता तूच बघ."

तिने बघितलं. तिला हवा होता खडस. खडस म्हणजे सोनेरी खवल्यांचा, अंगाने दांडगा आणि महासंशयी मासा. कोंबड्याची पिसं झाली, मेंढराची लोकर झाली, लोकर पाणी पिऊन जड व्हायची. खडस वर यायचा, माशीकडे बघायचा आणि तोंड फिरवून जायचा. बोकडाची दाढी मात्र कधी न कातरलेली, लांब, राठ आणि तांबूस होती. पाण्यात गेली की ती जिवंत असल्यासारखी हलायची. त्या दाढीच्या पहिल्याच माशीला खडस लागला आणि उज्वला नदीत एकटीच ओरडली.

वस्तीवरचा गोंधळ बघून तिला राहवलं नाही. देवळापुढे सगळे जमले असताना तिने उभं राहून सांगितलं, की कात्री माझी. अंबाबाईने तोंडाला पदर लावला. मग म्हातारा पुजारी बिरदेव म्हणाला, "क्येस देवाचं हायेत. त्येला लागंल त्ये बी देवाचं. पान्यातनं काढलंस तर पान्यात परत घालायचं. खायचं न्हाई, इकायचं न्हाई. उचल भंडारा."

उज्वलाने भंडारा उचलला. आमच्याकडे भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ती आधीही मासे सोडतच होती, पण ती तिची हौस होती. आता ती सगळ्या वस्तीची बाब झाली. तिचा बाप म्हसू, जो चारचौघांत कधी बोलत नाही, तो तेवढ्यापुरतं बोलला, "ज्या दिशी एक मासा कुनाच्या ताटात दिसंल, त्या दिशी हिची बोट मीच फाडनार."

बोट तेव्हा नुकतीच आली होती. रिसॉर्टची नोकरी सोडून उज्वलाने हवा भरायची एक जुनी रबरी बोट घेतली होती आणि मुळा नदीवर सहली सुरू केल्या होत्या. पौडाखालच्या पुलापाशी पाण्यात उतरायचं, वाहत्या पाण्याबरोबर खाली यायचं, डोह आला की थांबून छडी चालवायची आणि दुपारपर्यंत खालच्या काठाला लागायचं. हिंजवडीची माणसं सुट्टीच्या दिवशी यायची. दिवसभर खुर्चीत बसून कंटाळलेली ही माणसं तिच्या बोटीतही बसूनच असायची, पण म्हणायची की लई मोकळं वाटलं.

ऐकायला सोपं वाटतं. पण उज्वला एका सहलीची आखणी अशी करायची, जणू लग्नच काढलंय. धरणातून पाणी सुटलंय का, पुलाच्या कितव्या दगडापर्यंत आलंय, कुठल्या वळणावर करंज पाण्यात आडवा झालाय, कुठे पंपाचा पाईप टाकलाय, कुठे सावलीत चहा करता येईल आणि कुठे बायामाणसांना आडोसा मिळेल, हे सगळं ती आदल्या दिवशी काठाने चालून बघायची. पाण्यात उतरायला जागा होत्या. अडचण बाहेर पडायची होती. भरे गावाच्या बाजूला दोन्ही काठ फार्महाऊसवाल्यांनी तारांनी शिवून टाकले होते. बोट लावून माणसं रस्त्यापर्यंत नेता येतील अशी एकच जागा उरली होती, ती गेणबा नावाच्या शेतकऱ्याच्या रानातली.

त्याच्या खाली आणखी एक जागा होती, पण ती तिने स्वतःच सोडून दिली होती. तिथे फुटका बंधारा आहे. बंधाऱ्याच्या मधल्या खिंडारातून पाणी जोरात खाली पडतं. ते पार केलं की मेंढरांचा उतार लागतो, जिथे कळप पाण्यावर आणतात. ती जागा सरकारी, कुणाच्या मालकीची नाही. रिकामी बोट घेऊन उज्वला आणि तिचा चुलतभाऊ हृतिक त्या खिंडारातून गेल्या हंगामात कितीदा तरी खाली आले होते. पण उतारावर गुडघाभर चिखल, त्यात लेंड्या, आणि हिवाळाभर तिथे म्हसूचा कळप. म्हसूने साफ सांगितलं होतं, "पाव्हनी आली की मेंढरं बुजत्यात. हितं बोट आनायची न्हाई." बाप एवढं बोलला म्हणजे विषय संपला.

म्हातारे गेणबा होते तोवर, म्हणजे हिंडतेफिरते होते तोवर, काही प्रश्न नव्हता. "लाव की बोट, नदी काय मी आनलीया व्हय," असं म्हणायचे. म्हसूचं आणि त्यांचं जुनं होतं. भात निघालं की म्हसूची मेंढरं गेणबांच्या रानात बसायची. मेंढरांना चारा मिळायचा, रानाला लेंडीखत मिळायचं, आणि दोन्हीकडची माणसं एका पंगतीला जेवायची. आता गेणबा अंथरुणाला खिळले आणि कारभार नातवाकडे, अमोलकडे आला. अमोलने अर्ध्या रानात प्लॉट पाडले, सिमेंटचे खांब ठोकले आणि नदीकाठच्या पाटीवर स्वतःचा हाताची घडी घातलेला फोटो लावला.

ऑक्टोबर सरता सरता तो उज्वलाला म्हणाला, "माझा एक पाव्हना हाय, निषाद. कंपनीत मोठा मानूस. दोन पलाट घ्यायचा इचार हाय त्याचा. त्याला बोटीत फिरव, मासा बिसा दाव, आनि आमच्या काठावर आनून उतरव. तितं मी जेवान ठेवतो. खूश झाला तर हंगामभर बोट लाव, मी इचारनार न्हाई."

"आनि न्हाई झाला तर?"

"मंग बघू," अमोल म्हणाला. त्याचा अर्थ दोघांनाही कळला होता.

त्या हंगामातल्या तिच्या सगळ्या सहली ठरलेल्या होत्या. गेणबांचा काठ गेला, की सहली गेल्या आणि तिला पुन्हा रिसॉर्टवर जाऊन उभं राहावं लागणार होतं. म्हणून उज्वलाने आखणी अशी केली की काही चुकायलाच नको. बोकडाच्या दाढीच्या नव्या माश्या बांधल्या. बोकड आता तिला बघितलं की हनुवटी लपवतो असं हृतिक म्हणतो, पण हृतिकचं काही खरं नाही.

सहलीच्या दिवशी पाणी स्वच्छ होतं आणि हवेत गारवा होता. अमोल पांढरे बूट घालून आला होता. ते भिजतील म्हणून त्याने काढून गाडीतच ठेवले आणि ड्रायव्हरला गाडी खालच्या काठावर आणायला सांगितलं. बोटीत पुढे अमोल, मागे निषाद, मध्ये वल्ह्यांवर उज्वला. निषाद चाळिशीचा, चष्मेवाला, कमी बोलणारा माणूस होता. त्याने छडी कशी धरायची ते विचारलं आणि सांगितलं तसं केलं. अमोलने विचारलं नाही. त्याने पहिल्याच झटक्यात गळ स्वतःच्या टोपीत अडकवला, दुसऱ्या झटक्यात उज्वलाच्या लाइफ जॅकेटमध्ये, आणि मग छडीच बरोबर नाही असं जाहीर केलं.

पण दैव आंधळं असतं ते असं. तिसऱ्या डोहात अमोल छडी काखेत धरून फोनवर स्वतःचं शूटिंग करत होता आणि त्याची माशी मागे पाण्यात नुसती ओढत चालली होती. तेवढ्यात छडी काखेतून निसटायला लागली. रीळ किंचाळलं. उज्वला ओरडली, "धरा! वर धरा, वडू नका!" निषादने पुढे झेपावून अमोलचा फोन पकडला, अमोलने छडी पकडली आणि उज्वलाने बोट वळवून माशाच्या मागे घातली. मासा एकदा खडकाखाली गेला, एकदा बोटीखाली. अमोल घामाघूम झाला. त्याच्या तोंडचा शेठ पार गळून पडला होता आणि लहान पोरासारखा तो "येतुया, येतुया" म्हणत होता. खरं सांगायचं तर त्या घटकेला उज्वलाला तो आवडलासुद्धा.

मासा जाळीत आला. हातभर लांब, खवले रुपयाएवढे, अंगावर सोनं. उज्वलाने जाळी बोटीच्या कडेला पाण्यातच धरून ठेवली, हात भिजवले आणि गळ काढला. गळाचं उलटं टोक तिने आधीच पकडीने दाबून टाकलेलं असायचं, त्यामुळे तो हलकेच निघाला.

"बघून घ्या. फोटो पाण्यातच काढा," ती म्हणाली. "मंग सोडते."

"सोडते?" अमोल हसला. "अगं, आचारी बसलाय तितं तवा तापवून. हा मासा आज पाव्हन्याच्या ताटात जानार."

"अमोलशेठ, तुमाला ठावं हाय. भंडारा उचललाय मी."

"तू उचललास. मी न्हाई उचलला."

"माशी देवाच्या केसाची हाय. तिला लागंल त्ये परत जातं. बोटीत बसायच्या आधी सांगितलं व्हतं तुमाला."

"त्ये हिंजवडीवाल्यांना सांग. डोह माझ्या रानाला लागून हाय, मासा माझ्या गळाला लागलाय, तुझा देव मधी कुटनं आला? आन हिकडं."

निषाद म्हणाला, "अमोल, राहू दे ना. मला तर मासे चालतही नाहीत. मी व्हेज आहे."

हे ऐकून अमोलला गप्प बसता आलं असतं. पण आता पाहुण्याचा प्रश्न राहिला नव्हता. एका धनगराच्या पोरीने पाहुण्यासमोर नाही म्हटलं होतं, प्रश्न तो होता. त्याने वाकून जाळीचा दांडा धरला. उज्वलाने एकवार त्याच्याकडे पाहिलं. ठरलेल्या सहली, हंगाम, रिसॉर्टवरचा तो युनिफॉर्म, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. भीती वाटली तिला, खोटं कशाला सांगा. आणि त्या भीतीचाच तिला असा काही राग आला, की तिने मनगट फिरवून जाळी पाण्यात उपडी केली. मासा क्षणभर तिथेच थांबला, शेपटी हलवली आणि खाली हिरव्यात गेला.

अमोलच्या हातात रिकामी जाळी राहिली.

"बरं केलंस," तो अगदी हळू बोलला. "आता ऐक. तुझी बोट माझ्या काठाला टेकायची न्हाई. आज न्हाई आनि परत कदीच न्हाई. कळलं?"

"कळलं," उज्वला म्हणाली आणि तिने वल्ही उचलली.

पुढच्या वळणावर गेणबांचा काठ आला. काठावर पांढरा मांडव, टेबल, टेबलावर चादर, आचारी, ड्रायव्हर आणि व्हिडिओ काढायला आणलेला माणूस. अमोलने केस सारखे केले आणि तो उतरायच्या तयारीने पुढे सरकला. बोट मात्र पलीकडच्या अंगाने चालली होती.

"अगं, हिकडं घे."

उज्वला वल्हवत राहिली.

"उज्वले! काठ हिकडं हाय!"

"दिसतोय की. टेकायची न्हाई म्हनालात न्हवं?"

"अगं त्ये... आज उतरव, मंग!"

"आज न्हाई आनि परत कदीच न्हाई, असं बोलला तुमी. ह्ये निषादसाहेब साक्षीला हायेत. तुमच्या काठावर तुमचा शब्द मोडून मी कशी टेकू?"

निषादने आधी खोकल्यासारखं केलं आणि मग त्याला हसू आवरेना. काठावरच्या माणसांना वाटलं, बोट गंमत म्हणून एक फेरी मारतेय. आचाऱ्याने झारा हलवला. व्हिडिओवाल्याने इमानदारीत सगळं टिपलं, अमोल उभा राहून हातवारे करतोय आणि बोट मांडवापुढून संथपणे निघून जातेय. उडी मारावी, तर वळणावर पाणी खोल आणि अमोलला पोहता येत नव्हतं. नदीकाठी जन्मून पोहता न येणं ही गोष्ट त्याने पाहुण्याला सांगणं शक्यच नव्हतं.

फुटका बंधारा दिसायला लागला तशी उज्वलाने थट्टा बाजूला ठेवली. तिने बोट कडेच्या उथळ पाण्यात दगडाला लावली आणि उभं राहून खिंडार नीट बघितलं. पाणी तिला हवं तेवढंच होतं. "हितनं पुढं एक घसरन हाय," ती म्हणाली. "मी उतरलेली हाय, भ्यायचं कारन न्हाई. पन नको वाटत आसंल तर हितं उतरा, खडकावरनं चालत जा, मी खाली घेते. जॅकेट घट्ट करा."

खडकावर शेवाळ होतं आणि अमोल अनवाणी होता. निषाद म्हणाला, "मी बोटीतच येणार." मग अमोलला उतरता येईना.

"खाली बसा. पाय पुढं. दोरी धरा आनि मी सांगस्तवर सोडू नका."

बोट खिंडारात शिरली. पाण्याचा आवाज चढला, नाक खाली गेलं, एक थंडगार लाट तिघांच्या अंगावरून गेली. उज्वलाने डावं वल्हं रोवलं, बोट भिंतीला घासता घासता सरळ झाली आणि खालच्या शांत पाण्यात येऊन डुलायला लागली. निषाद ओलाचिंब होऊन ओरडत होता, "परत! परत जाऊया!" अमोलने डोळे मिटले होते, त्यामुळे संपलं हे त्याला जरा उशिराच कळलं.

समोर मेंढरांचा उतार. कळप पाण्यावर आलेला होता. बोट बघून पुढची मेंढरं बुजली, मागची त्यांच्यावर चढली आणि म्हसूने तोंड सोडलं. मग बोटीत कोण आहे ते त्याला दिसलं आणि तो काठी टेकत पाण्याकडे आला. बापाने बजावलेल्या जागीच उज्वला बोट घेऊन आली होती.

अमोल गुडघाभर चिखलात उतरला. "म्हसू! तुझ्या पोरीनं काय केलंय ठावं हाय का?"

म्हसू अमोलच्या बापापेक्षा वयाने मोठा होता. हे असं एकेरी नाव ऐकायची म्हसूला सवय होती, उज्वलाला नव्हती आणि व्हायचीही नव्हती. ती बोलायला गेली, पण म्हसूने तिलाच विचारलं, "काय झालं?"

"मासा सोडला, आबा. ह्यांना पायजे व्हता."

"कंचा?"

"खडस."

म्हसूने नुसती मान हलवली. बरं की वाईट ते तिला कळेना.

"ह्या पोरीची मस्ती मी उतरवतो," अमोल म्हणाला. "ऐकून ठेव म्हसू. यंदा भात निघालं की तुझी मेंढरं आमच्या रानात बसनार न्हाईत. एक बी न्हाई."

याचा उज्वलाने विचारच केला नव्हता. स्वतःचा हंगाम घालवायला ती तयार होती, पण बापाचं रान तिने कधी पणाला लावलं नव्हतं. भात निघाल्यावरचे ते महिने गेले, तर एवढा कळप न्यायचा कुठे? ती माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात म्हसूने काठी तिच्या पुढे आडवी धरली.

"न्हाईच बसनार," म्हसू म्हणाला. "म्याच सांगायला येनार व्हतो, पन तोंड व्हत न्हवतं. तुमी रानात खांब ठोकलं, तारा वढल्या. गेल्या साली माझ्या दोन मेंढरांचं पाय त्या तारंत फाटलं. तरी बी आलो, कारन म्हातारा जिता हाय, वाट बघतो. आता त्येला म्या घरी येऊन भेटत जाईन. रानात येनार न्हाई. खत पायजे म्हनून मानूस धाडू नगा."

अमोलने चिखलातला पाय उपसून पुन्हा तिथेच ठेवला. धमकी आपण दिली आणि समोरच्याने ती अशी हातातून काढून घेतली, की आता परत कशी मागायची?

"आनि अमोलशेठ," म्हसू पुढे म्हणाला, आवाज जराही न चढवता. "म्हसू म्हनायचं न्हाई. तुमच्या आज्याच्या पंगतीला बसलोय म्या. मामा म्हनायचं."

अमोलचं तोंड लाल झालं. तो काहीतरी पुटपुटला. मामा म्हणाला की आणखी काही, ते कुणालाच नीट ऐकू आलं नाही. मग तो वळला आणि अनवाणी पायांनी, लेंड्यांतून, कळप बाजूला सारत रस्त्याकडे निघाला. कळप काही बाजूला सरला नाही. निषाद मात्र जाता जाता थांबला, हात जोडून "येतो मामा" म्हणाला आणि उज्वलाला म्हणाला, "प्लॉटचं राहू द्या. पुढच्या शनिवारी बोटीत जागा आहे का?"

दोघं गेल्यावर उज्वला चिखलातच बसली. "आबा, मेंढरं कुटं बसवायची आता?"

"बघू. घोटावड्याला इचारतो. न्हाईतर वर घाटाकडं जाऊ." त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि ती त्याने लपवली नाही. मग तो बोटीपाशी गेला. इतक्या दिवसांत त्याने त्या बोटीला कधी हातसुद्धा लावला नव्हता. त्याने ओली दोरी उचलली, हाताला वेढा दिला आणि बोट चिखलातून वर ओढायला लागला. "उद्या मानसं हायेत का?"

"हायेत."

"मंग मेंढरं सकाळीच पान्यावर घालतो. तुमी यायच्या आत वर काढीन. धर मागनं."

उज्वलाने मागून बोट धरली. ओढता ओढता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिने दंडाला पुसलं. बोट कोरड्यावर आली तशी उज्वला बोटीच्या काठावर टेकून बसली आणि दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांना फोनवर निरोप लिहायला घेतला. उतरायची जागा बदलली आहे. आता आपण फुटक्या बंधाऱ्यातून खाली येऊन मेंढरांच्या उतारावर उतरू. भिजणार आहात, तयारीने या. उतारावर चिखल आहे आणि लेंड्या आहेत. तिथे मान आधी कळपाचा, मग आपला. काठावर म्हसूमामा असतील, त्यांना नमस्कार करायचा. मासा कितीही मोठा लागला तरी परत जाणार. ज्यांना हे चालत नसेल त्यांनी येऊ नये, असं शेवटी लिहून तिने तो निरोप सगळ्यांना पाठवून दिला.